कानशीचा एक हात जास्त: नाशकातल्या एका हाइस्ट लघुपटाचं प्रकरण

पहिल्या रफ कटमध्ये, म्हणजे सिनेमाच्या कच्च्या जोडणीत, तिजोरी 14व्या मिनिटाला उघडत होती. गंगापूर रोडवरच्या एका मित्राच्या क्लासमध्ये, बाकांवर दाटीवाटीनं बसलेल्या 19 जणांना आम्ही तो कट दाखवला. मी पडद्याकडे पाठ करून भिंतीला टेकून उभी होते. संकलकानं अशा वेळी सिनेमा बघायचा नसतो, माणसं बघायची असतात. 11व्या मिनिटाला पहिला मोबाइल उजळला. 14व्या मिनिटाला तिजोरीचं दार करकरत उघडलं, पार्श्वसंगीत टिपेला पोचलं, आणि तेव्हा सहा चेहऱ्यांवर खालून निळा उजेड होता. ज्या क्षणासाठी सात महिने राबलो तो क्षण लोकांनी मान खाली घालून घालवला.

24 मिनिटांच्या त्या लघुपटात चोरीचा प्रसंग जेमतेम 5 मिनिटांचा. तो का पडला, आम्ही आधी चुकीचं औषध कसं केलं आणि शेवटी काय सापडलं, ते इथे लिहिते आहे. नाशकात सध्या हाइस्ट फिल्म, म्हणजे बेत आखून केलेल्या चोरीचा सिनेमा, करू बघणारी बरीच मुलं-मुली मला भेटतात. त्यांना हे उपयोगी पडावं एवढीच इच्छा आहे, म्हणून पैशांचे आकडेही लपवत नाही. एकूण बजेट होतं 1,85,000 रुपये.

आम्ही कोण, आणि गोष्ट कुठून आली

दिग्दर्शक अंबड एमआयडीसीत डिझाइनचं काम करतो. कॅमेरामन लग्नांचे व्हिडिओ करतो आणि अंधारात काम करण्यात त्याचा हात धरणारा मी तरी पाहिलेला नाही. चार चोरांपैकी तिघं एकांकिका स्पर्धांमधून आलेले, चौथी मुलगी पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी. मी दिवसा दुसऱ्यांच्या जाहिराती कापते, रात्री हे.

नाशिकच्या माणसाला हाइस्ट फिल्म करायची म्हटलं की पहिली कल्पना ठरलेली: प्रेस. नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापल्या जातात, आणि ज्याच्या घरातलं कोणी ना कोणी प्रेसमध्ये नोकरीला नव्हतं असं कुटुंब त्या भागात शोधावं लागेल. त्यात 2017 साली आलेली स्पेनमधली ती मालिका, ‘मनी हाइस्ट’. माद्रिदच्या सरकारी टांकसाळीत घुसून नोटा छापून घेणारी टोळी बघून कॉलेज रोडवरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर हेच बोलणं व्हायचं, की अरे, आपल्याकडे तर खरा कारखाना आहे!

आम्हीही महिनाभर त्या नादात होतो. दिग्दर्शकाचे काका प्रेसमधून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आत ते पैसे नसतात रे, काम असतं. शीट मोजायची, सही करायची, पुढच्याच्या ताब्यात द्यायची. दिवसभर हेच.” आम्हाला ते उत्तर फिकं वाटलं. घरी येताना रिक्षात कोणीच बोललं नाही. त्या वाक्याची किंमत कळायला पुढे पाच महिने लागले.

प्रेस सोडली, कारण तिथे शूटिंग होणं शक्य नव्हतं आणि सेट उभा करायला पैसे नव्हते. मग गोष्ट आली ती नदीवरून. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की जुन्या नाशकातली माणसं आकडे विचारत नाहीत, गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघतात. पाणी गुडघ्याला आहे, कमरेला आहे, की छातीला. त्यावरून सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार माल वर हलवायचा की नाही ते ठरवतात. 2016 आणि 2019च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात पाणी शिरलं होतं. अशा एका रात्री, सगळा बाजार स्वतःचं सोनं वाचवण्यात गुंतलेला असताना, चार जण एका सावकाराच्या वाड्यात शिरतात आणि गहाण पडलेल्या आईच्या पाटल्या सोडवून नेतात, ही आमची गोष्ट.

परवानगीसाठी पोलीस चौकीत गेलो तेव्हा अर्जावर ‘दरोड्याचे दृश्य’ असं लिहिलं होतं. तिथल्या हवालदारांनी विचारलं, “किती जण आहेत चोर?” चार, म्हटलं. “हत्यार दाखवतात? कोणाला मारतात?” नाही. “मग दरोडा कसा होईल? दरोड्याला पाच तरी माणसं लागतात. ही घरफोडी, रात्रीची. अर्ज बदलून आणा.” कायद्याची व्याख्या खरोखरच तशी आहे. जुन्या दंडसंहितेतही पाच आणि आता न्यायसंहितेतही पाच. बळजबरी असली आणि माणसं कमी असली तर जबरी चोरी. तेव्हापासून आम्ही पडद्यावरच्या त्या प्रसंगाला ‘घरफोडी’च म्हणतो. नाव बदलल्यावर मला एक गोष्ट नीट दिसली. या प्रकारच्या सिनेमात मारामारी गौण असते, कुलूप मुख्य असतं. आम्ही शूट केलं होतं ते मात्र मारामारीच्या सिनेमासारखं.

चुकीचं औषध

रफ कट पडल्यावर तीन आठवडे आम्ही एकमेकांना आणि बिचाऱ्या संगीतकाराला दोष देत बसलो. माझं स्वतःचं निदान होतं की प्रसंग लांबला आहे. 5 मिनिटांचा प्रसंग मी 3 मिनिटं 10 सेकंदांवर आणला, कट जलद केले, घड्याळाचा काटा दर वीस सेकंदांनी दाखवला. आठ नव्या माणसांना बोलावलं. मोबाइल कमी निघाले. पण संपल्यावर एक मुलगा म्हणाला, “लवकर उरकलं, बरं झालं.” त्यानं ते कौतुक म्हणून सांगितलं होतं.

माझ्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. दृश्य कंटाळवाणं वाटलं की छोटं करायचं. छोटं केल्यानं कंटाळा थांबतो, ओढ लागत नाही. हे मला माहीत होतं, तरी मी तेच केलं.

दुसरी चूक पटकथेतच होती आणि ती सगळ्यांच्या नजरेसमोर होती. घरफोडीच्या आधी साडेतीन मिनिटांचा एक बेत-प्रसंग होता. वाड्याचा नकाशा, त्यावर सरकणाऱ्या लाल रेषा, “तू इथे, मी तिथे, बरोबर दीड वाजता.” त्या नकाशाच्या अ‍ॅनिमेशनवर 14,000 रुपये गेले होते, आणि दिसायला ते सुंदर होतं. पुढे काय व्हायचं? जे सांगितलं तेच. दीड वाजता ती इथे, तो तिथे. म्हणजे प्रेक्षकाला तीच गोष्ट दोनदा सांगितली, आणि दुसऱ्यांदा सांगताना वर ढोल वाजवले.

बेत आधी सांगितला तर तो फसला पाहिजे, आणि सफल व्हायचा असेल तर आधी लपवला पाहिजे. हा संकेत या प्रकारात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. 2001च्या ‘ओशन्स इलेव्हन’मध्ये स्टीव्हन सोडरबर्ग बेताचा कळीचा भाग प्रेक्षकांपासून राखून ठेवतो, म्हणून ती चोरी यशस्वी झाली तरी मजा येते. त्याच्या उलट टोकाला 1958 सालचा मारियो मोनिचेल्ली यांचा इटालियन सिनेमा, ज्यात भुरटे चोर रात्रभर खपून चुकीची भिंत फोडतात, थेट स्वयंपाकघरात निघतात आणि शेवटी तिथलं जेवण जेवून घेतात. आम्ही सांगितलेला बेत सफल करून दाखवला होता. दोन्हीकडून गेलो.

तिजोरीवाले काका

वाड्याच्या मालकीणबाई, आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणतो, रफ कट लॅपटॉपवर पाहून काही बोलल्या नाहीत. तिजोरी त्यांचीच आहे, सासऱ्यांच्या वेळची. चावी कधीची हरवलेली; दार चुकून बंद होऊ नये म्हणून त्यात कायम लाकडी पाचर घातलेली असायची. शूटिंगपुरती ती काढायची परवानगी त्यांनी दिली होती. लॅपटॉप मिटताना म्हणाल्या, “तिजोरीवाल्याला बोलवा. आधी त्याला दाखवा, मग मला.”

काका भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत बसतात. वडीलही हेच करायचे, आजोबाही. त्यांनी प्रसंग पाहिला, मागे घ्यायला सांगितला, पुन्हा पाहिला. मग विचारलं, “ताई, हे कानाला काय लावलंय त्यांनी?”

स्टेथोस्कोप. आमचा म्होरक्या तिजोरीच्या दाराला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटून ऐकतो आणि कुलूप उघडतं.

“ते आकड्यांच्या तबकडीचं काम आहे,” काका म्हणाले. “तबकडी फिरवली की आतल्या चकत्यांचा अंदाज घेतात. हिला तबकडी आहे का? ही चावीची तिजोरी. हिला कान लावून काय ऐकू येणार?”

आम्ही नऊ जण होतो खोलीत. सात महिन्यांत एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. आम्ही तिजोरी उघडायला तिजोरीकडून शिकलोच नव्हतो, दुसऱ्या सिनेमांकडून शिकलो होतो, आणि त्यांनी ते तिसऱ्याकडून उचललेलं.

मग काकांनी जे केलं ते नीट सांगते, कारण सगळं प्रकरण तिथे वळलं. त्यांनी दाराच्या आतल्या बाजूचे चार स्क्रू काढून कुलूपपेटीचं झाकण उतरवलं. आत पितळेचे सहा लिव्हर, म्हणजे पट्ट्या, एकावर एक, प्रत्येकावर बारीक स्प्रिंग. प्रत्येक लिव्हरला एक खिडकी कापलेली. चावीचा एकेक दात एकेका लिव्हरला त्याच्या त्याच्या उंचीवर उचलतो. सहाही खिडक्या एका रेषेत आल्या की दांड्याला वाट मिळते. एखादा केसभर खाली राहिला तरी नाही, केसभर वर गेला तरी नाही. “जोर लावून काही होत नाही. उलट जोर लावला की बसलंच.” काही जुन्या विलायती कुलपांत तर लिव्हर जास्त उचलला गेला की तो अडकूनच बसायचा, म्हणजे मालकाला कळायचं की कोणीतरी हात लावून गेलंय. चब नावाच्या इंग्रज कारागिरानं 1818 साली ती युक्ती काढली होती.

झाकण उघडं असताना काकांना चावी सरळ मापून करता आली असती. पण आम्हाला बघायचं होतं, म्हणून त्यांनी झाकण परत बसवलं, कोरी चावी घेतली आणि मेणबत्तीच्या काजळीवर धरून काळी केली. चावी आत घालायची, अलगद दाब द्यायचा, बाहेर काढून उजेडात धरायची. काजळीवर जिथे बारीक चकाकी दिसेल तिथे कानशीचा एक हात मारायचा. पुसायची, पुन्हा काळी करायची, पुन्हा आत. मधली एक पायरी त्यांनी आमच्याकडे पाठ करून केली. “ही दाखवायची नसते,” म्हणाले. आम्ही विचारलं नाही, आणि सिनेमातही ती नाही.

चाळीसेक फेऱ्या झाल्या असतील. मध्येच न बघता ते एक वाक्य बोलून गेले: “कानशीनं काढता येतं, घालता येत नाही.” एक हात जास्त पडला की ती चावी भंगार, नवी कोरी घ्यायची आणि पहिल्यापासून सुरू.

दोन तास चाळीस मिनिटांनी दांडा सरकला. मोठा आवाज नाही झाला. ‘ठक’ नव्हे, जुन्या कपाटाचा खण बसतो तसा एक बुजलेला आवाज. आजी हातातला चहाचा कप तसाच धरून बसल्या होत्या, त्यावर साय आली होती.

मी तेव्हा खोलीत नजर फिरवली, सवयीनं. दोन तास चाळीस मिनिटांत एकाही माणसानं मोबाइल काढला नव्हता. संगीत नव्हतं, घड्याळ नव्हतं, पकडलं जायची भीती नव्हती. तरी आम्ही श्वास धरून होतो, कारण हात काय करतोय आणि कुठे चुकू शकतो हे आम्हाला कळत होतं. नोटांच्या प्रेसमधल्या काकांचं वाक्य मला तिथे आठवलं. आत पैसे नसतात, काम असतं.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली भांडवल उभं करण्यासाठी लोकांना काय दाखवलं होतं? देव नाही, राजा नाही, युद्ध नाही. वाटाण्याला कोंब फुटून वेल वाढतो ते, एकेक फ्रेम करून टिपलेलं. ते बघून माणसानं पैसे दिले. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपलं काम नाशकात आणलं. मी या गावात बारा वर्षं सिनेमा कापते आहे, फाळके स्मारकावरून शेकडो वेळा गेले आहे, आणि एखादी गोष्ट होताना बघायची माणसाला किती ओढ असते हे मला तिजोरीवाल्या काकांनी शिकवावं लागलं.

जुन्या लोकांनी काय केलं होतं

त्या आठवड्यात मी ‘रिफिफी’ पुन्हा लावला. 1955चा. झ्यूल दासाँ हा दिग्दर्शक अमेरिकेत कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत गेलेला, काम मिळेना म्हणून फ्रान्सला आलेला. त्यानं दोन तासांच्या सिनेमात जवळजवळ अर्धा तास नुसती चोरी दाखवली, एकही संवाद नाही, संगीताची एक ओळ नाही. संगीतकार जॉर्ज ओरिक यांनी त्या भागासाठी संगीत लिहिलं होतं. दोन्ही प्रकारे पाहिल्यावर त्यांनीच ते नको म्हणून सांगितलं. तिजोरी फोडणाऱ्या इटालियनचं काम दासाँनं स्वतः केलं, दुसऱ्या नावानं.

त्यातली छत्री सगळ्यांना आठवते. वरच्या मजल्याची जमीन फोडताना एक लहान भोक पाडतात, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि उघडतात, म्हणजे पडणारा चुना-गिलावा तिच्यात झेलला जातो. कोणी सांगत नाही कशासाठी. पहिला ढेकूळ छत्रीत पडतो आणि आपल्याला कळतं. मी आधीही हे पाहिलं होतं, पण युक्ती म्हणून पाहिलं होतं. या वेळी लक्ष दुसरीकडे गेलं. चोरीच्या आधी ते लोक तसाच अलार्म आणून त्याच्यावर प्रयोग करतात, तो कशानं वाजतो, कशानं गप्प होतो. दासाँ आपल्याला बेत सांगत नाही, हत्यार ओळखीचं करून देतो. बेत सांगणं आणि हत्यार ओळखीचं करणं यातला फरक माझ्या पंधरा वर्षांच्या कामात मला कोणी सांगितला नव्हता.

आपल्याकडच्या ‘आँखें’चंही तेच आहे. एका गुजराती नाटकावरून 2002 साली झालेला सिनेमा, तीन अंध माणसं बँक लुटतात. त्यातला सगळ्यात पकडून ठेवणारा भाग तालमीचा. बँकेची हुबेहूब प्रतिकृती, मोजलेली पावलं. ती पावलं प्रेक्षकही मोजायला लागतो, म्हणून प्रत्यक्ष बँकेत एखादं पाऊल चुकलं की पोटात गोळा येतो. ‘स्पेशल 26’नं हे आणखी वेगळ्या तऱ्हेनं केलं. ती गोष्ट 19 मार्च 1987ला मुंबईत ऑपेरा हाउसच्या झवेऱ्याच्या दुकानावर पडलेल्या बनावट सीबीआय छाप्यावर बेतलेली. तिथे तोडायचं कुलूपच नाही. तिथलं हत्यार म्हणजे सरकारी माणसाचा आवाज, आणि तो आवाज कसा लावायचा हे सिनेमा आपल्याला आधी ऐकवून ठेवतो.

मला काकांच्या दुकानातला शब्द वापरायचा तर, प्रेक्षकाला हाताखाली घ्यायचं. हाताखालचा पोरगा जसा आधी नुसता बघतो, मग हत्यार ओळखतो, मग उस्तादाचा हात चुकला तर त्याच्या आधी त्याचीच मान वर होते. प्रेक्षक तिथवर आला की चोरी पकडून ठेवते. आला नाही तर कितीही ढोल बडवा.

1851 साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या काळात हॉब्ज नावाच्या अमेरिकनानं ब्रामाचं अजिंक्य म्हणून गाजलेलं कुलूप उघडून दाखवलं. त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. हे मी दिग्दर्शकाला मुद्दाम वाचून दाखवलं. त्याला अजून वाटत होतं की आमचा प्रसंग लांब आहे.

काय बदललं

हातात 23,000 रुपये आणि दोन रात्री होत्या. भांडणं झाली, ती टाळून लिहिणार नाही.

बेत-प्रसंग पूर्ण काढला. 14,000चा नकाशा गेला. त्या प्रसंगात नव्या मुलीचं एक स्वगत होतं, पहिल्या पाहणीनंतर चार जणांनी तिला त्याबद्दल फोन केले होते. तेही गेलं. ती रडली आणि माझ्याशी दहा दिवस बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. स्वगत चांगलंच होतं, पण ते ठेवायचं तर नकाशा ठेवावा लागत होता.

त्या जागी 50 सेकंदांचा एक प्रसंग आला. दुपार, म्हातारा कारागीर, मुलगी शेजारी बसलेली, समोर एक साधं कुलूप. मेणबत्ती, काजळी, चकाकी, कानशीचा एक हात. मुलगी एक हात जास्त मारते. म्हातारा चावी बघतो, बाजूच्या डब्यात टाकतो आणि तेच वाक्य म्हणतो: काढता येतं, घालता येत नाही. चोरीचा विषयसुद्धा निघत नाही.

हात कोणाचे दाखवायचे यावरून सगळ्यात मोठा वाद झाला. कॅमेरामनचं म्हणणं, क्लोज-अपमध्ये काकांचेच हात घेऊ, कोणाला कळतंय. मी नाही म्हटलं. काकांच्या उजव्या अंगठ्याला पन्नास वर्षांचा घट्टा आहे. अभिनेत्याचा अंगठा गुळगुळीत. कट मारला की तो दिसणारच. मायकल मॅननं 1981च्या ‘थीफ’मध्ये खऱ्या चोरांना सल्लागार म्हणून घेतलं होतं, हत्यारं खरी वापरली होती आणि नायकाला ती चालवायला शिकवलं होतं. पैसा त्याच्याकडे होता, पण हे पैशाचं काम नाही, दिवसांचं आहे. आमचा अभिनेता नऊ दिवस रोज संध्याकाळी काकांच्या दुकानात बसला. सहाव्या दिवशी त्याच्या हातातली धडपड गेली. हात कमी हलायला लागला.

मनगटावरचं घड्याळ काढून टाकलं, कारण घड्याळ आमच्याकडे आधीपासून होतंच. पाणी सोडलं त्या आठवड्यात अहिल्यादेवी होळकर पुलावरून, गर्दीत उभं राहून, लांबच्या लेन्सनं आम्ही दुतोंड्या मारुती चार वेळा टिपला. घाटावर कोणी उतरलं नाही, उतरूही नये. कटमध्ये तो चारच वेळा येतो. गुडघा, कंबर, छाती, आणि एकदा नुसतं पाणी. नाशिकच्या माणसाला त्यापुढे काही सांगावं लागत नाही. मुंबईतल्या एका मित्राला दाखवलं तर त्यालाही दुसऱ्या वेळी कळलं.

आवाजानं सगळ्यात जास्त त्रास दिला. लिव्हरचा खरा आवाज इतका बारीक की बूमवर, म्हणजे काठीवरच्या माइकवर, येईना. शेवटी कुलूपपेटीला आतून पिन माइक टेपनं चिकटवला आणि वाड्यातला फ्रिज, पंखे, शेजारचा पंप, सगळं बंद करायला लावलं. आता ट्रॅकवर कानस आहे, छतातून पातेल्यात गळणारं पाणी आहे, आणि लांबवर सराफ बाजारात खाली ओढली जाणारी शटरं. संगीत नाही. संगीतकाराला सांगायला मी आणि दिग्दर्शक दोघं गेलो. त्यानं ओरिकची गोष्ट ऐकली, हेडफोन लावून एकदा पूर्ण ट्रॅक ऐकला आणि म्हणाला, फक्त शेवटच्या नामावलीला दे मला.

आणि घरफोडीत एक चूक घातली. तळघरात हातातल्या कोऱ्या चावीचे पाच दात लागलेत, मारुतीच्या छातीला पाणी. म्हातारा थकलेला आहे. कानशीचा हात पडतो, आणि तो थांबत नाही, सवयीनं दुसराही पडतो.

नव्या कटमध्ये घरफोडी 7 मिनिटं 20 सेकंदांची आहे, जुनीपेक्षा जवळजवळ अडीच मिनिटं लांब. तीच जागा, तेच बाक, 22 नवी माणसं. मी तशीच भिंतीला टेकून उभी. तो दुसरा हात पडला तेव्हा पडद्यावर कोणीच काही बोलत नाही, म्हाताऱ्याचा चेहराही दाखवलेला नाही, फक्त चावी. तिसऱ्या बाकावरच्या एक बाई मोठ्यानं म्हणाल्या, “अगं बाई! गेली!” शेजारच्या मुलानं त्यांच्याकडे न बघताच मान हलवली.

शेवट

पुढे चोर सुटतात की सापडतात, हा प्रश्न राहिलाच होता. हॉलिवूडमध्ये 1968पर्यंत निर्मात्यांची आचारसंहिता होती. गुन्ह्याची पद्धत तपशिलानं दाखवायची नाही आणि गुन्हेगाराला सुखानं घरी जाऊ द्यायचं नाही. त्या काळच्या चोरीच्या सिनेमांत शेवटी ऐवज हातातून जातो तो बऱ्याच अंशी त्यामुळे. कुब्रिकच्या ‘द किलिंग’मध्ये (1956) विमानतळावर बॅग फुटते आणि नोटा वाऱ्यावर उडतात. आमच्यावर असं बंधन नव्हतं, त्यामुळे आम्हाला ठरवता येत नव्हतं. तीन शेवट लिहिले होते. एकात पोलीस, एकात पूर, एकात पाटल्या नकली निघतात. तिन्ही उसने वाटत होते.

आजींना नवा कट दाखवला. या वेळी त्या बोलल्या. “आपल्या पाटल्या तेवढ्या घेतल्या ना? बाकीच्यांचं गहाण आत आहे. पाणी येतंय. मग दार लावलं की नाही त्यांनी?”

दुसऱ्या रात्रीचं शूटिंग त्या एका प्रश्नासाठी झालं. म्हातारा पाटल्या मुलीच्या हातात देतो, बाकीच्या पुरचुंड्या वरच्या खणात सरकवतो, दार ओढतो आणि स्वतः घडवलेल्या चावीनं तिजोरी परत बंद करतो. खरी चावी, खरं कुलूप. काकांनी त्या दुपारी वाड्यातच बसून घडवलेली दुसरी चावी. आजींच्या तिजोरीला आता पाचर लागत नाही.

पहिल्या टेकला अभिनेत्याची चावी अडली. हात थंड पडलेले, पहाटेचे चार वाजलेले, त्यानं जोर लावायला सुरुवात केली. कॅमेऱ्यामागून काकांचा आवाज आला, हळू, शिकवताना असतो तसा: “दाबू नका. तिला येऊ द्या.” अभिनेत्यानं वर पाहिलं नाही. हात सैल सोडला, आणि दांडा बसला. नंतर आणखी पाच टेक घेतले, सगळे स्वच्छ. सिनेमात पहिलाच आहे. काकांचा आवाज मी ट्रॅकवरून काढलेला नाही.